उसनं इंजेक्शन

हे मी कोणाला रडवायला लिहीत नाही. आमच्या महिला मंडळात बायका भेटतात, कमरेवर हात ठेवून हळूच विचारतात, "सुमन, तुझं नक्की काय झालं होतं गं? आणि ऑपरेशनला फार दुखतं का?" एकेकीला सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच सगळ्यांना सांगते. दुखतं. भरपूर दुखतं. पण दुखण्यापेक्षा औषधाची वाट बघणं जास्त वाईट, आणि ती वाट बघायला कोण लावतं हे मी वॉर्डात पडल्या पडल्या पाहिलं. मला बोलायचंय ते त्याबद्दल.

बिल्ला

मी मुलुंडच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. आमच्या लाइनीवर सगळ्या बायका, आणि सुपरवायझर पुरुष. संडासला जायचं तर त्याच्या टेबलावरचा पितळी बिल्ला उचलून न्यायचा. बिल्ला एकच. एक परत आली की दुसरीने जायचं. बिल्ला उचलताना तो जसा बघायचा आणि "आज तिसऱ्यांदा का?" असं जे मोठ्याने विचारायचा, त्यापेक्षा तहान बरी. म्हणून आम्ही पाणीच पीत नव्हतो. ऐन मे महिन्यात, पत्र्याखाली, जेवणानंतर घोटभर. पुढे इस्पितळात डॉक्टरने विचारलं, "पाणी किती पिता?" मी म्हटलं, "सुपरवायझरला विचारा." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

पहिली कळ लाइनीवरच आली. पाठीतून निघाली, पोटातून फिरून मांडीत उतरली. गोळ्यांची पाकिटं समोरून चालली होती आणि मी बाकाखाली वाकून ओकत होते. वेदनाशामक गोळ्याच होत्या त्या. दिवसभर दुसऱ्यांच्या दुखण्याची पाकिटं भरायची आणि आपलं दुखणं घरी न्यायचं, असा तो हिशेब.

गल्लीतल्या डॉक्टरने पोट न दाबताच सांगितलं, "गॅस आहे." मग आईकडे वळून, "लग्न झालंय हिचं? नाही ना? मग झालं की जाईल." लाल औषधाची बाटली दिली. आईचा विश्वास बसला. आई आमची मालवणकडची, पांढऱ्या कोटातल्या माणसाचा शब्द तिला देवाचा. मी कळवळले की म्हणायची, "अगो चेडवा, वायच सोस. भिंतीपलीकडे लोकां आसत."

शेवटी एका मोठ्या इस्पितळात फोटो काढला. डॉक्टरने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बोट ठेवलं. उजव्या मूत्रपिंडात चिंचोक्याएवढा खडा. कापून काढावा लागेल म्हणाला. आई मटकन बाकावर बसली. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. खडा होता. म्हणजे मी ढोंग करत नव्हते. ज्या बाईला महिनोन्‌महिने "तुझ्या मनाचं आहे" असं ऐकवलं जातं, तिलाच कळेल हा आनंद.

भीती नंतर आली. बाहेर पडताना आई एवढंच म्हणाली, "मुतखडो म्हणान कोणाक सांगा नको. पोटाचा आपरेशन म्हण." कूस कापलेल्या मुलीला कोण करून घेणार, ही तिची चिंता. मी म्हटलं, "व्रण झाकायला पदर आहे ना." ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. रात्रीचं ताट मात्र वाढून ठेवलं होतं.

वॉर्ड

इस्पितळ घाटकोपरच्या बाजूचं. नाव घेत नाही. घेतलं तर वाटेल तेवढंच वाईट आणि बाकीची चांगली.

सकाळी तोंडात थर्मामीटर, मग बेडपॅन, मग फिनेलचा वास, मग ॲल्युमिनियमच्या किटलीतला चहा. मग मोठे डॉक्टर येणार म्हणून चादरी ताणायच्या. आम्हालाही ताणून ठेवायचे. मोठे डॉक्टर येऊन हाऊसमनला इंग्रजीत काही सांगायचे आणि पुढे जायचे. हाऊसमन म्हणजे वॉर्डातच राहणारा शिकाऊ डॉक्टर. चेहऱ्यावर कायम झोप.

शेजारच्या खाटेवर माहुलची पारूबाई होती, मासळी विकणारी कोळीण. पित्ताचे खडे काढलेली. तिने पहिल्याच दिवशी चौकशी केली, "तुजे पन खडेच काय गो? बरा हाय. दोगींचे मिलून भिंत बांधू." हसले आणि कळ आली. तिने माझ्या तोंडावरचा हात काढला. "वरड. तोंड दाबून काय व्हतंय? हितं कोन तुजा सासरा बसलाय?"

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा उजव्या कुशीत कोणी तरी कोयता विसरून गेलंय असं वाटत होतं. श्वास अर्धाच घ्यायचा. खोकला आला तर डोळ्यांपुढे पांढरं. सिस्टर कांबळे आल्या, उशी घडी करून माझ्या जखमेवर धरायला दिली, म्हणाल्या, "खोकताना ही दाबून धर. मला शिव्या द्यायच्या तर खुशाल दे, पण खोक. छातीत कफ साठला तर ऑपरेशन वाया." त्या साताऱ्याकडच्या, राहायला विक्रोळीच्या वस्तीत. रंगाने सावळ्या, आवाज रुक्ष, हात मात्र कुठे दुखतं ते आधीच ठाऊक असल्यासारखे.

दुसऱ्या होत्या सिस्टर फिलोमिना, गोराईच्या. होडीने खाडी ओलांडून ड्युटीला यायच्या आणि आल्या आल्या पहिल्यांदा चपला वाळत ठेवायच्या.

किल्ली

पहिल्या दिवशी इंजेक्शन मागितलं ते यायला इतका वेळ लागला की मी खाटेचा लोखंडी गज चावला. त्याच वेळी पॅसेजपलीकडे पुरुषांच्या वॉर्डात कोणी तरी "मेलो, मेलो" म्हणून ओरडला आणि लगेच गप्प झाला. त्यालाही खडाच होता, आईने येता-जाता चौकशी केली होती. तोच खडा, तेच दुखणं मारणारं पेथिडिनचं इंजेक्शन. मग त्याला लगेच आणि मला का नाही?

सिस्टर कांबळेंनी जखमेवरची पट्टी बदलता बदलता सांगितलं. पेथिडिनचं कपाट दोन्ही वॉर्डांत मिळून एकच, आणि ते पुरुषांच्या वॉर्डात. किल्ली ब्रदर सावंतकडे. हे सावंत पुरुष नर्स, कांबळेबाईंच्याच हाताखाली काम शिकलेले. आमच्या वॉर्डात बाई कळवळली की सिस्टरने आधी हाऊसमन शोधायचा, त्याची सही घ्यायची, पॅसेज ओलांडायचा, सावंत मोकळे होईपर्यंत थांबायचं, कुपी घ्यायची, परत यायचं.

"पण किल्ली त्यांच्याकडे का? तुम्ही तर सीनियर."

"मागे कधी तरी कुप्या कमी भरल्या. कोणी घेतल्या ते सापडलं नाही. इस्पितळाचे साहेब म्हणाले, बायका हळव्या, कोणी रडलं की काढून देतात. तेव्हापासून किल्ली पुरुषाकडे."

सिस्टर फिलोमिना ट्रे धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरं झालं गेली ती. ज्याच्या कमरेला किल्ली, तोच पहिला चोर. कुपी हातातून पडून फुटली तरी तूच खाल्लीस."

"आणि आत्ता कोण आहोत आपण, फिलो? किल्ली नाही तरी संध्याकाळी गेटवर पिशवी आपलीच उघडतात ना? सावंतची उघडतात?"

"तो पुरुष आहे."

"मग मी काय वेगळं बोलतेय?"

 चिमट्याने कापूस उचलत फिलोमिना म्हणाल्या, "तरी मला नको ती किल्ली. मला माझी पोरं आहेत."

मी विचारलं, "सिस्टर, या इंजेक्शनची सवय लागते म्हणतात."

"डॉक्टर असंच म्हणतात," फिलोमिना म्हणाल्या. "फक्त बायकांना लागते हां. पॅसेजपलीकडे नाही लागत."

कांबळेबाई हसल्या नाहीत. "सवयीपेक्षा उशीर वाईट. उशिरा दिलं की दुखणं डोक्यात चढलेलं असतं, मग नेहमीचं पुरत नाही, मग डॉक्टर वैतागून जास्त लिहितात. आणि जास्त झालं की श्वास मंदावतो, माणूस झोपेतच जातं. त्यात बाई ओरडली नाही तर दुखत नाही, आणि ओरडली तर हिस्टेरिया. म्हणजे हिने करायचं काय?"

त्यावर त्यांनी काढलेला उपाय मला नंतर दिसला. सकाळच्या सहीवर त्या सावंतांकडून एक कुपी आधीच आणून ठेवायच्या. भरलेली सिरिंज स्टीलच्या वाकड्या किडनी ट्रेमध्ये, ओल्या गॉजखाली, पडद्यामागे. कळ आली की लगेच द्यायची, आणि कागदावरची नोंद नंतर, सावंतांना सवड झाली की दोघांनी मिळून. बायकांनी याला नावही ठेवलं होतं, 'उसनं'. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. "सिस्टर, उसनं आहे का?" अशी दबक्या आवाजात विचारणा व्हायची. सगळ्या नर्सेस हे करत. नियमात बसत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. नियमात बसायचं ते फक्त आमचं कळवळणं.

मी एकदा कांबळेबाईंना पाणी विचारलं. म्हणाल्या, "नको. या मजल्यावर आम्हाला संडास नाही. पुरुष स्टाफचा आहे." त्या सहज बोलल्या आणि माझी चादर सारखी करायला लागल्या. मी त्यांच्या पाठीकडे, जिथे माझा खडा होता तिथे, बघत राहिले.

भेटीची वेळ

आमच्या मंडळातली विमल म्हणजे माझी जिवाची मैत्रीण आणि आवाज भोंग्यासारखा. तिला मी एका भेटीत पुरुषांच्या आणि बायकांच्या वॉर्डातला फरक सांगितला होता. उसन्याचं नव्हतं सांगितलं. ते नर्सेसचं गुपित होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला फार वाईट कळ आली. कांबळेबाईंनी पडद्यामागून ट्रे आणला आणि दंडात सुई दिली. आई तेव्हा नळावर गेली होती. हळूहळू कोयता बोथट झाला, खाट पाण्यावर तरंगल्यासारखी झाली. डोळे मिटले. घाम तसाच होता.

तेवढ्यात भेटीची घंटा झाली आणि विमल मंडळातल्या बायका घेऊन आत शिरली. पाहते तर मी पांढरीफटक, डोळे मिटलेले, हाक मारली तर ओ नाही. नळावरून आलेली आई उशाशी रडतेय. विमलने विचारलं, "काकी, इंजेक्शन दिलं हिला?" आई म्हणाली, "मघापासून तळमळता हा. कोणी काय दिल्यानी नाय."

झालं. विमलने हाऊसमनला दारातच अडवला. मला सगळं ऐकू येत होतं, विहिरीच्या तळाशी बसून काठावरचं ऐकावं तसं.

"पुरुष ओरडला की धावता. आमची पोरगी बेशुद्ध पडली तरी सही करायला तुमचा हात उठत नाही?"

"अहो बाई, आवाज कमी करा, हे इस्पितळ आहे."

"कळलं आम्हाला इस्पितळ आहे ते. म्हणूनच औषध मागतोय. वाण्याकडे असतो तर गूळ मागितला असता."

बायका त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. कोणी तरी "द्या, आत्ताच्या आत्ता द्या" म्हणायला लागली आणि बाकीच्यांनी सूर धरला. हाऊसमनने माझ्या खाटेला टांगलेला कागद बघितला. सकाळपासून काहीच दिल्याची नोंद नव्हती. त्याच्या कपाळावरची शीर उठली असणार, कारण तो ओरडलाच, "ब्रदर, पेथिडिन. पूर्ण डोस. लगेच."

लगेच. त्या वॉर्डात पहिल्यांदाच मला काही लगेच मिळत होतं.

सावंत सिरिंज घेऊन आले. त्यांना माहीत होतं की सकाळी एक कुपी उसनी गेलीय. वापरली की नाही ते माहीत नव्हतं. पारूबाईने मला नंतर सांगितलं की ते खाटेपाशी थबकले, कांबळेबाईंकडे बघितलं, आणि खाली बघितलं. बोलले नाहीत. बोलले असते तर तेही अडकले असते.

मला 'नको' म्हणायचं होतं. जीभ ओल्या गोणपाटासारखी पडली होती. कोणी तरी माझी बाही वर सरकवली. स्पिरिटचा गार बोळा दंडावर फिरला.

आणि मग त्या दंडावर एक तळवा पडला, घट्ट.

"थांबा," कांबळेबाई म्हणाल्या. "तिला दिलंय. मी दिलंय, थोड्या वेळापूर्वी."

"कागदावर कुठाय?"

"कागदावर नाही. अंगात आहे."

 मग विमल तुटून पडली. ही माझी विमल, माझ्यासाठी. "खोटं बोलतायत. औषध वाचवायला बघतात. दिलं असतं तर ती अशी पडली असती का?" मंडळातली एक म्हणाली, "हात काढा सिस्टर, डॉक्टर सांगतायत ना." हाऊसमनही म्हणाला, "सिस्टर, बाजूला व्हा." डॉक्टर आणि मोर्चा एका बाजूला, आणि एकटी नर्स दुसऱ्या बाजूला. असं चित्र मी आजवर एकाही पत्रकात लिहिलेलं नाही.

तळवा हलला नाही. "डॉक्टर, मला काढून टाकायचं तर टाका. पण आधी हिचा श्वास मोजा. एवढं करा."

तेव्हा पारूबाई आपल्या खाटेवरून बोलली. "दिलाय तिला सुई. मी बगितला. आनि तू गो," हे विमलला, "मासली ताजी हाय का सरली, ते न बगता टोपली उलटी करतेस व्हय?"

हाऊसमनने घड्याळ काढलं. माझ्या छातीवर हात ठेवला. मी श्वास घ्यायला विसरत होते, हे मला स्वतःलाच कळत होतं. घ्यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग आठवण झाल्यासारखा पुढचा. तो मोजत राहिला. मग त्याने सावंतच्या हातातली सिरिंज घेतली आणि परत ट्रेमध्ये ठेवली. आवाज अगदी बारीक झाला त्याचा. "हिला हाका मारत राहा. झोपू देऊ नका."

आईने हाका मारल्या. विमलने मारल्या. कांबळेबाई माझ्या कानाच्या पाळीला चिमटे घेत, "सुमन, श्वास घे. घे. आता सोड. परत घे," म्हणत शेजारी उभ्या राहिल्या, भेटीची वेळ संपून बायकांना बाहेर काढलं तरी. मी पूर्ण जागी झाले तेव्हा पहिलं दिसलं ते नर्सेसवरची मेट्रन दारात उभी. ती कांबळेबाईंना घेऊन गेली.

चौकशी

दुसऱ्या दिवशी सिस्टर कांबळे आल्या नाहीत. पडद्यामागचा ट्रेही गेला. त्या दिवशी वॉर्डातल्या बायकांनी कसं काढलं ते लिहीत नाही. पारूबाईनेही विनोद केला नाही.

टाके निघायच्या आधी मला चाकाच्या खुर्चीवरून साहेबांच्या खोलीत नेलं. साहेब, मेट्रन, हाऊसमन. कांबळेबाई भिंतीजवळ उभ्या. खुर्च्या होत्या, पण त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. साहेब माझ्याशी फार गोड बोलले. "तुम्ही पेशंट. तुमच्या जिवाशी खेळ झाला. सिस्टरविरुद्ध तक्रार असेल तर निर्भयपणे सांगा."

म्हणजे मी एक 'होय' म्हणायचं, आणि फाइल बंद.

मी कांबळेबाईंकडे बघितलं. "खरं सांग," त्या म्हणाल्या. "ट्रेमधून दिलं ते सांग. लपवू नकोस."

"दिलं ट्रेमधून," मी म्हटलं. "आणि त्यांनी हात ठेवला नसता तर मी आज या खुर्चीत नसते. माझी तक्रार किल्लीविरुद्ध आहे."

साहेब म्हणाले, "किल्लीविरुद्ध तक्रार घेता येत नाही."

"मग किल्ली जिथे ठेवली त्याच्याविरुद्ध घ्या."

साहेबांनी तेच कांबळेबाईंना विचारलं, "पुन्हा असा ट्रे ठेवाल?"

"किल्ली दिलीत तर नाही."

मेट्रन काही बोलणार, तेवढ्यात दार ढकलून सिस्टर फिलोमिना आत आल्या. त्यांना बोलावलेलं नव्हतं. टोपी वाकडी झालेली, चेहरा घामेजलेला. "साहेब, ट्रे एकटीचा नव्हता. माझा पण होता. बाहेर बाकीच्या उभ्या आहेत, त्यांचा पण. काढायचं तर सगळ्यांना काढा, आणि संध्याकाळपासून वॉर्ड तुम्ही सांभाळा." मला पोरं आहेत म्हणणारी हीच बाई.

ब्रदर सावंतना कोणी बोलावलं नाही. उसनं देणारे तेच होते. साहेबांना ते सुचलंच नाही. सावंत एकदा माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले, म्हणाले, "सिस्टरनी मला शिकवलं हो." मी म्हटलं, "मग त्यांना सांगा, मला काय सांगता?" ते गेले. सांगितलं की नाही, माहीत नाही.

खाली

सगळ्यांना काढणं जमणारं नव्हतं, म्हणून एकीला हलवलं. कांबळेबाईंची पगारवाढ रोखली आणि त्यांना खाली बाह्यरुग्ण विभागात पाठवलं, जिथे फोड-जखमा बांधतात आणि पेथिडिन नसतं. विमल आणि मी सह्या गोळा करायला निघालो तेव्हा त्यांनी अडवलं. "माझ्यासाठी एक सही घेऊ नका. किल्लीसाठी घ्या." विमल त्यांच्याशी नजर भिडवू शकत नव्हती. कांबळेबाईच तिला म्हणाल्या, "आवाज चांगला आहे तुझा. फक्त ओरडायच्या आधी एक विचारत जा, शेवटचं औषध कधी दिलं, आणि ते नर्सलाच विचार. मग हवं तेवढं ओरड."

बायांनो, हे वाक्य मी आमच्या पत्रकात जसंच्या तसं घातलं. पेशंटबरोबर जाल तेव्हा लक्षात ठेवा. आणि पाणी प्या. बिल्ल्यासाठी आमचं भांडण चालू आहे, तोवर चार जणींनी एकदम उठायचं, असं आम्ही ठरवलंय. सुपरवायझर एका बिल्ल्याने चौघींना अडवू शकत नाही.

किल्ली यायला बरेच महिने लागले. आली. बायकांच्या वॉर्डात वेगळं कपाट झालं, दोन सिस्टरनी मिळून उघडायचं. किल्ली फिलोमिनाबाईंच्या कमरेला. मी तपासणीला गेले तेव्हा त्यांनी ती मला दाखवली नाही, नुसता पदर सारखा केला.

मी धावत खाली आले, म्हणजे कुशीवर हात दाबून जेवढं धावता येतं तेवढं. कांबळेबाई एका माणसाच्या पायाचं ड्रेसिंग करत होत्या. मी सांगितलं. मला वाटलं हसतील.

"कपाट कुठल्या भिंतीला लावलं?" त्यांनी विचारलं.

"खिडकीपासून लांब, आतल्या कोपऱ्यात."

"तिथे अंधार असतो. कुपीवरची अक्षरं दिसत नाहीत. वर दिवा लावून घ्या म्हणावं, आधी दिवा." आणि त्या माणसाला म्हणाल्या, "पाय हलवू नका हो काका."

मी अर्ज दिला. स्मरणपत्र दिलं. विमलही जाऊन बोलून आली. दिवा अजून लागलेला नाही.